दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी आणि पेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (पुणे)

माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे. त्याच्या कागदांमागे फिरता फिरता जे कळत गेलं ते आधी शेजारच्यांना सांगितलं, मग त्यांच्या नातेवाइकांना, आणि आता आमच्या वडगाव-धायरी भागातले लोक संध्याकाळी फाइल घेऊन घरीच येतात नाहीतर व्हॉट्सअॅपवर कागदांचे फोटो पाठवतात. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड आणि पेन्शन हे सगळं एकच आहे का?

तिन्ही वेगळं आहे आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. प्रमाणपत्र म्हणजे तुमच्यात कुठलं अपंगत्व आहे आणि किती टक्के आहे हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा निर्णय (टक्का ठरवणाऱ्या या डॉक्टरांनाच सगळे "बोर्ड" म्हणतात). तो निर्णय झाला की त्यावरूनच यूडीआयडी निघतं, म्हणजे १८ अक्षर-अंकांचा नंबर असलेलं ओळखपत्र, जे देशभर चालतं. पेन्शन मात्र दवाखाना देत नाही, ती तहसील कार्यालयातली संजय गांधी योजना शाखा देते आणि तिथे टक्क्यासोबत उत्पन्न, वय, रहिवास सगळं बघतात. म्हणून "कार्ड आलं पण पैसे आले नाहीत" अशी तक्रार घेऊन दवाखान्यात जाऊ नका, आणि टक्का कमी पडला म्हणून तहसीलच्या क्लार्कशी भांडू नका, तो त्याच्या हातात नसतो.

२. कुठली अपंगत्वं यात धरतात?

१९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ झाले. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार हे बऱ्याच जणांना माहीत असतात, पण थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, ठेंगूपणा, शिकण्यातली अक्षमता, अॅसिड हल्ल्याने आलेलं अपंगत्व हेसुद्धा आत आहे. ठेंगूपणाला मोठ्या माणसाची उंची १४७ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी लागते.

कॅन्सर, किडनी, हृदयविकार हे यादीत नाहीत. डायलिसिसवरचा माणूस कितीही थकलेला असला तरी नुसत्या डायलिसिसवर दिव्यांग प्रमाणपत्र निघत नाही, हे सांगताना मलाच वाईट वाटतं. पण कॅन्सर, क्षयरोग, एड्स, कुष्ठरोग, पक्षाघात असलेल्यांना संजय गांधी योजनेत वेगळी जागा आहे, त्यासाठी प्रश्न ८ बघा.

३. पुण्यात अर्ज कुठे करायचा? हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र चालतं का?

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त ऑनलाइनच निघतं, स्वावलंबन कार्डाच्या केंद्र सरकारी पोर्टलवर. अर्ज भरताना दवाखाना निवडायचा असतो. पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू आणि पिंपरीचं वायसीएम ही ठिकाणं लोकांना माहीत आहेत. घराजवळचं म्हणून निवडू नका, आधी जाऊन विचारा की तुमच्या प्रकाराची तपासणी तिथे होते का आणि कुठल्या वारी होते, कारण प्रत्येक प्रकारासाठी वेगळे तज्ज्ञ लागतात आणि ते रोज बसत नाहीत.

जुनं हाताने लिहिलेलं किंवा एसएडीएमवालं (राज्याच्या जुन्या संगणक प्रणालीतून निघालेलं) प्रमाणपत्र असेल तर पोर्टलवर "प्रमाणपत्र आहे" हा पर्याय घेऊन ते अपलोड करायचं. त्याची खात्री करताना पुन्हा तपासणीला बोलावू शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच टाका, एका काना-मात्रेचा फरक पुढे पेन्शनच्या वेळी दोन महिने खातो. आणि "बोर्डात ओळख आहे, टक्का वाढवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला गेटबाहेरूनच परत पाठवा. का ते प्रश्न १४ मध्ये आहे.

४. अर्ज करून महिने झाले, अजून बोलावलंच नाही. काय करायचं?

पूर्वी नियमात एक महिन्याची मुदत होती, ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीत ती तीन महिने झाली. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आहे जे फार कमी जणांना माहीत आहे: दोन वर्षं निर्णय न होता पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून महिन्यातून एकदा स्टेटस बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तीन महिने उलटले की दवाखान्यात लेखी अर्ज द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी विचारपूस कितीही वेळा केली तरी तिची कुठे नोंद राहत नाही.

५. बोर्डात नक्की काय बघतात, टक्का कशावरून ठरवतात?

केंद्र सरकारची मोजमापाची नियमावली आहे, जानेवारी २०१८ मध्ये आली आणि मार्च २०२४ मध्ये सुधारली. मोजतात ते आजाराचा परिणाम, आजाराचं नाव नाही. दोघांना एकच आजार असून एकाला ३५ आणि दुसऱ्याला ६० टक्के मिळू शकतात ते त्यामुळेच.

डोळ्यांत चष्मा लावून दिसतं किती ते बघतात, आणि चांगल्या डोळ्याला महत्त्व जास्त. कानाला आवाजाची चाचणी होते, दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त तूट असेल तर कर्णबधिर धरतात, लहान मुलं नीट उत्तर देऊ शकत नाहीत म्हणून त्यांची बेरा चाचणी करतात. बौद्धिक दिव्यांगतेत आयक्यूबरोबर रोजच्या व्यवहाराची चाचणी असते. स्वमग्नतेला इसा नावाची पट्टी आहे. मानसिक आजाराला आयडियाज आहे, त्यात स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टींना ० ते ४ गुण देतात आणि आजार किती वर्षं आहे त्याचे गुण वेगळे, एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्क्यांची रेष गाठली.

पायांचं जरा सविस्तर सांगते कारण इथे लोक स्वतःचं नुकसान करून घेतात. सांधे किती वळतात आणि स्नायूंत किती जोर आहे हे मोजतातच, पण तोल आणि स्थिरता बघायला नऊ गोष्टी करून घेतात: सपाट जागी चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघ्यावर बसणं, वळणं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना लहानपणी पोलिओ झालेला. डॉक्टरांनी विचारलं, जिना चढता का, तर काकू म्हणाल्या, "चढते की, दुसऱ्या मजल्यावरच राहते." त्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढतात, मध्ये दोनदा बसतात आणि भाजीची पिशवी खाली ठेवून पोराला हाक मारतात, हे त्यांनी सांगितलंच नाही. चाळीस वर्षं "मला सगळं जमतं" म्हणून जगलेल्या बाईला ते सांगणं अपमानाचं वाटलं. मी त्यांना एवढंच म्हटलं की तुम्ही मदत मागायला गेला नव्हता, मोजमाप करून घ्यायला गेला होतात, आणि मोजमाप खरं व्हायला हवं.

म्हणून जाण्याआधी घरी बसून एका कागदावर लिहा: सकाळी उठल्यापासून काय स्वतः जमतं, काय कोणीतरी धरल्यावर जमतं, काय अजिबात नाही. वाढवून एक शब्द लिहू नका, कमी करूनही लिहू नका. जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे तारखेप्रमाणे लावून न्या. कुबडी, कॅलिपर, श्रवणयंत्र रोज वापरत असाल तर तसंच जा. आणि मुलांना घेऊन जाताना खाऊन-पिऊन न्या, भुकेलं कंटाळलेलं मूल चाचणीत काय करणार.

६. बाबांना पॅरालिसिस होऊन दीड महिना झाला, लगेच प्रमाणपत्र काढता येईल का?

नाही. मेंदूच्या किंवा मज्जातंतूंच्या आजारात मोजमाप सुरुवातीपासून सहा महिन्यांनी करतात, कारण फिजिओथेरपीने त्या काळात बराच फरक पडतो. तोवर पहिल्या दिवसापासूनचे कागद, एमआरआय, फिजिओथेरपीच्या नोंदी सांभाळा.

७. एका डोळ्याने काहीच दिसत नाही तरी ३० टक्केच दिले. आणि माझ्या बहिणीला पाय ६० टक्के, कान ३० टक्के, तर बेरीज ९० का नाही?

दोन्हीत बोर्डाची चूक नाही. दुसरा डोळा व्यवस्थित असेल तर एका डोळ्याच्या अंधत्वाला नियमावलीत ३० टक्केच आहेत.

दोन अपंगत्वं असतील तर सरळ बेरीज करत नाहीत. ९० मधून मोठा टक्का वजा करायचा, उरलेल्याला लहान टक्क्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि जे येईल ते मोठ्या टक्क्यात मिळवायचं. तुमच्या बहिणीचं: ९० वजा ६० म्हणजे ३०, त्याला ३० ने गुणलं तर ९००, भागिले ९० म्हणजे १०, म्हणून एकूण ७०. प्रमाणपत्र हातात आलं की हा हिशोब घरी करून बघा. दोनपैकी एकाच अपंगत्वाचा टक्का धरलाय आणि दुसरं राहूनच गेलंय अशी उदाहरणं मी बघितलीत.

८. पेन्शनला काय काय लागतं आणि किती मिळते?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ४० टक्के किंवा जास्त, वय ६५ च्या आत, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांपर्यंत (बाकी निराधारांना २१ हजार) आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं रहिवास लागतो. ६५ नंतर श्रावणबाळ योजना. रक्कम जुलै २०२३ मध्ये १००० ची १५०० झाली आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २५००. प्रश्न २ मधले कॅन्सर, क्षयरोगवाले याच योजनेत येतात, पण २५०० ची वाढ दिव्यांगांसाठी आहे.

कागद: यूडीआयडी, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा आणि वयाचा पुरावा, आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला जेमतेम चार हजारांच्या थोडं वर. पुण्यात एवढ्यात एक खोली भाड्याने मिळत नाही, दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा याच्या वर जाते. ही मर्यादा वाढायला हवी असं मला मनापासून वाटतं आणि मी प्रत्येक निवेदनात ते लिहिते. पण म्हणून खोटा दाखला काढू नका, पुढच्या पडताळणीत तोच गळ्याशी येतो.

९. ८० टक्क्यांच्या वर असेल तर वेगळी पेन्शन आहे का?

केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे, दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, वय १८ ते ७९, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त. केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे, वरचे राज्य घालतं. म्हणजे दोन पेन्शनी मिळत नाहीत.

१०. टक्का ४० च्या खाली आला. आता काहीच उपयोग नाही का?

पेन्शन, नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण यांना ४० लागतातच. पण कायद्याने तुम्ही दिव्यांग आहातच, ४० च्या खालच्यांना पांढरं कार्ड मिळतं (४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं). फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने लेखनिकाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की परीक्षेत लेखनिक मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात उलट बाजूने सांगितलं, की नुसता टक्का ४० च्या वर आहे म्हणून विद्यार्थ्याला अपात्र ठरवायचं नाही, त्याला अभ्यासक्रम जमेल का ते बघायचं. हे दोन्ही निकाल लक्षात असू द्या, कॉलेजात बोलताना कामाला येतात.

११. टक्का चुकीचा वाटतोय किंवा अर्जच नाकारला. दाद कुठे मागायची?

नाकारलं असेल तर कारण लेखी देणं बंधनकारक आहे, ते आधी मागून घ्या. मग कायद्याच्या कलम ५९ खाली राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे अपील होतं. त्याला मुदत असते म्हणून "बघू दिवाळीनंतर" करू नका. अपिलात "अन्याय झाला" लिहून भागत नाही, कुठली चाचणी झाली नाही, कुठला रिपोर्ट बघितला नाही, प्रश्न ७ चा हिशोब कुठे चुकला, असं मुद्द्यावर लिहा. तपासणीची नोंद दवाखाना देत नसेल तर माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पुणेकरांना एक सोय आहे, राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्याच शहरात आहे, चर्च पथावर. दिव्यांगांचे हक्क डावलले जात असतील, अर्जच घेत नसतील, कार्यालयात रॅम्प नाही म्हणून परत पाठवत असतील तर तक्रार राज्य आयुक्तांकडे करता येते, त्यांच्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कार्यवाही करायची असते. टक्का वाढवून देणं मात्र त्यांचं काम नाही, त्याला अपीलच.

१२. प्रमाणपत्रावर मुदत लिहिलीये. दर वेळी बोर्डासमोर का जायचं?

बदल होण्याची शक्यता असेल तर मुदतीचं प्रमाणपत्र देतात, नसेल तर कायमचं. मुलांच्या बाबतीत ठरलेले टप्पे आहेत. बौद्धिक दिव्यांगतेत पाच वर्षांच्या आतल्या मुलाला विकासातला विलंब म्हणून तात्पुरतं, मग ५, १० आणि १८ व्या वर्षी नूतनीकरण. शिकण्यातल्या अक्षमतेत ८ व्या वर्षापासून, मग १४ आणि १८. १८ व्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालतं.

हा १८ चा टप्पा आमचा चुकला. भावाचं प्रमाणपत्र संपलंय हे आम्ही पेन्शनचा अर्ज द्यायला गेलो तेव्हा खिडकीवर कळलं, मग नवा अर्ज, तारीख, तारखेला डॉक्टर रजेवर, परत तारीख, आणि या सगळ्यात आठ महिने गेले. आई दर वेळी त्याला इस्त्रीचा शर्ट घालून तयार करायची आणि तो दर वेळी विचारायचा, "आज शिक्का?" तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, मुदत संपायच्या चार-पाच महिने आधी अर्ज टाका, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

१३. चालू पेन्शन अचानक बंद पडली. फेरतपासणी झाली का?

बहुतेक वेळा डॉक्टरांशी काही संबंध नसतो. आधी बँकेत जाऊन बघा की आधार त्याच खात्याला जोडलंय का, कारण पैसे आता थेट आधारवाल्या खात्यात येतात आणि जनधनचं दुसरं खातं असेल तर तिकडेही गेलेले असतात. मग दर वर्षीचा हयातीचा दाखला दिलाय का, प्रमाणपत्राची मुदत संपली का, उत्पन्नाच्या दाखल्याचं काय, वय ६५ झालं का. हे सगळं ठीक असेल तर संजय गांधी शाखेत लेखी अर्ज करून "कोणत्या कारणाने बंद" हे लेखी मागा. जो माणूस अंथरुणाला खिळलाय त्याला रिक्षात घालून नेऊ नका, आधी घरच्यांपैकी एकाने जाऊन काय चालतं ते विचारून या.

१४. कोणीतरी तक्रार केली म्हणून पुन्हा बोर्डासमोर बोलावलंय. जायलाच हवं का?

हो, जा. न गेल्याचा अर्थ तुमच्या विरुद्ध काढला जातो. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आल्यापासून पडताळणी कडक झालीये, २०२५ मध्ये सरकारी नोकरीतल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची तपासणीही राज्याने हाती घेतली. खोटेपणा करून लाभ घेतला तर कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खऱ्या माणसाला याचा त्रास होतो, वीस वर्षं कॅलिपर घालून ड्युटी करणाऱ्याला परत "चालून दाखवा" म्हणतात तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, मी ते पाहिलंय. पण कागद खरे असतील तर जुनी तपासणी, उपचारांच्या नोंदी घेऊन जा, नव्या निर्णयाची प्रत मागा, आणि टक्का बदलला तर प्रश्न ११.

१५. दिव्यांग पेन्शन आणि लाडकी बहीण दोन्ही घेता येतात का?

नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १५०० किंवा जास्त मिळणारी बाई लाडकी बहीणमध्ये बसत नाही. दिव्यांग पेन्शन २५०० आहे, तीच ठेवा.

१६. आम्ही दहा वर्षांपूर्वी कलबुर्गीहून पुण्यात आलो. तिकडचं प्रमाणपत्र इथे चालेल का?

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी देशभर चालतं, पुन्हा काढायची गरज नाही, पोर्टलवर पत्ता तेवढा बदला. पेन्शनला मात्र महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवास लागतो (प्रश्न ८), म्हणून तुम्हाला अजून पाच वर्षं. तोवर भाडेकरार, शाळेचे दाखले, वीजबिलं जपून ठेवा.

१७. मुलगा १८ चा झाला. प्रमाणपत्र ७५ टक्के आहे, पण बँक म्हणते आई-बाबांची सही आता चालणार नाही. असं कसं?

बँक बरोबर सांगतेय. १८ नंतर तो कायद्याने सज्ञान होतो आणि टक्का कितीही असला तरी प्रमाणपत्राने तुम्ही आपोआप पालक होत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांना राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली कायदेशीर पालकत्व घेता येतं, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. नुसता मानसिक आजार या चारांत येत नाही. अर्ज साधारण सतराव्या वर्षाच्या शेवटी तयार ठेवा आणि १८ व्या वर्षीच्या फेरतपासणीबरोबरच (प्रश्न १२) हेही उरकून घ्या. समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागलं तर त्याला आदल्या दिवशी सांगा की उद्या एका मोठ्या ऑफिसात जायचंय, तिथे काका-मावशी तुझं नाव विचारतील. माझ्या भावाने नाव सांगितलं आणि पुढे स्वतःहून आमचा पत्ताही सांगितला, बस नंबरासकट.